३९ सांगाडे, १८ आठवडे: पावसाळ्यात उभं केलेलं एक मिनिएचर सैन्य

प्रकरण नाशिकच्या इंदिरानगरमधलं. रंगवणारा अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा, तिशीच्या आतला. याआधी सुट्या दहा-बारा मिनी (मिनिएचर, म्हणजे खेळातल्या लढवय्यांच्या इवल्या बाहुल्या) रंगवलेल्या, त्याही बऱ्यापैकी. चौघा मित्रांत पैज लागली: जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत प्रत्येकाने एक अख्खं फँटसी सैन्य जोडून, रंगवून, बेससकट (मिनी उभ्या राहतात ती खालची पाटी) टेबलावर उतरवायचं. खेळ ठरला 'किंग्ज ऑफ वॉर', टेबलावर मिनी मांडून खेळायची लढाई. या गड्याने सैन्य निवडलं अनडेड, म्हणजे मेलेले उठून लढतात ते: सांगाड्यांचं पायदळ, हाडांच्या घोड्यांवरचे स्वार, एक मांत्रिक आणि एक हाडांचा ड्रॅगन.

निकाल आधीच सांगून टाकू. दिवाळीला पायदळाच्या तीनही रेजिमेंट, घोडदळ आणि मांत्रिक तयार होते. ड्रॅगन प्रायमरपाशीच, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापाशीच राहिला. तो का राहिला आणि बाकीचं का पुरं झालं, दोन्ही समजून घेण्यासारखं आहे. ब्रश धरण्याच्या कौशल्याचा त्यात फार थोडा भाग होता. बहुतेक सगळं तासांच्या हिशेबावर आणि हवेवर ठरलं.

यादी आणि घड्याळ

पहिली यादी अशी: २०-२० सांगाड्यांच्या तीन रेजिमेंट, १० स्वार, मांत्रिक, ड्रॅगन. एकूण ७२. रंग विकत घेण्याआधी त्याने एक सांगाडा आपल्या नेहमीच्या पद्धतीने, फोनवर घड्याळ लावून रंगवला. हे करायला बहुतेक जण कंटाळतात आणि पुढे तिथेच घोडं अडतं. हाडांच्या रंगाचे दोन हात १४ मिनिटं, तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) ४, बरगड्या आणि कवटीवर बारीक ब्रशने दोनदा हायलाइट (उंचवट्यांवर फिकट रंग) २२, तलवार आणि शिरस्त्राण १०, चामडं-लाकूड ८, कापड ८, डोळे-दात ४. बेरीज ७० मिनिटं, सुकायचा वेळ वगळून.

साठ सांगाडे म्हणजे ७० तास. स्वार प्रत्येकी अडीच तासांनी २५, मांत्रिक ८, ड्रॅगन १२, बेस १०. झाले १२५ तास, आणि यात जोडणी धरलेलीच नाही.

हातात किती होते? आठवड्याला चार रात्री पाऊण-पाऊण तास आणि रविवारी तीन तास, म्हणजे ६. आठवडे १८, पण गणपतीचे दीड, नवरात्र-दसऱ्याचा अर्धा आणि रात्रपाळीचे दोन वजा केले की उरले १४. चौदा सक ८४. त्यातला पाचवा हिस्सा बाटल्या हलवण्यात, पॅलेट ओलं करण्यात, ब्रश धुण्यात जातोच. म्हणजे खरे तास ६७. सव्वाशे तासांचं काम ६७ तासांत बसवायचं तर रोज जागरण करून भागत नाही. काम निम्म्यावर आणावं लागतं.

पहिली कपात खेळाच्या नियमांतूनच मिळाली. 'किंग्ज ऑफ वॉर'मध्ये रेजिमेंट हा एकच घटक असतो. एकेक सैनिक पडला म्हणून उचलून ठेवायचा नसतो. तुकडीचं नुकसान मोजायचं आणि तुकडी मोडली की सगळी एकदम उचलायची. म्हणून मिनी सुट्या ठेवायची गरज राहत नाही, अख्खी रेजिमेंट एकाच बेसवर चिकटवता येते. सांगाड्याला २० मिमीची जागा, पाच रुंद आणि चार खोल, म्हणून बेस १०० बाय ८० मिमी. स्वाराला २५ बाय ५० मिमी, म्हणून दहा स्वारांचा बेस १२५ बाय १०० मिमी. जागा तेवढी राखली आणि अर्ध्याहून जास्त मिनी उभ्या असल्या की तुकडी चालते. त्याने २० च्या जागी १३ सांगाडे आणि १० च्या जागी ६ स्वार धरले. उरलेल्या जागेत दगडधोंडे आणि पडझड.

दुसरी कपात रेसिपीत. १३ पैकी ५ पुढच्या रांगेत उभे राहणार. मागच्या ८ जणांची कवटी, खांदे आणि हत्यार एवढंच दिसतं, पोटऱ्या कोण बघायला येतंय? पुढच्यांना ५० मिनिटं, मागच्यांना ३० असं ठरवलं की सरासरी ३८ मिनिटांवर येते. ३९ सांगाड्यांचे पावणेपंचवीस तास झाले. स्वार दीड तासाचे ६, म्हणजे ९. मांत्रिक ६, ड्रॅगन ८, सगळे बेस ७. जोडणी आणि प्रायमर सांगाड्यामागे १२ मिनिटं आणि स्वारामागे २५ धरून सव्वादहा. एकूण ६५. दोन तास शिल्लक. कागदावर जमलं, पण एखादं काम पुन्हा करायची वेळ आली तर त्याला जागा नव्हती. हे त्याला तेव्हाच दिसायला हवं होतं.

पैजेचे नियम

चौघांचे नियम साधे होते. महिन्याच्या पहिल्या तारखेला प्रत्येकाने काय पुरं करणार ते लिहून द्यायचं, शेवटच्या रविवारी मिसळीच्या टेबलावर दाखवायचं. नाही जमलं तर त्या दिवशीचं बिल त्याचं. चार महिन्यांत एकदाच सूट.

यात कामाला आलेला नियम एकच: बेस झाल्याशिवाय तुकडी पूर्ण धरायची नाही. जुलैच्या शेवटी एकाने बाटलीच्या झाकणांवर चिकटवलेले दहा ऑर्क (फँटसीतले राक्षसी सैनिक) आणून मांडले.

"झाले की रे माझे!"

"बेस कुठाय?"

"तो काय, एका संध्याकाळचं काम."

"मग कर आणि आण. आजचं बिल तुझं."

हा कडकपणा योग्यच होता. अर्धवट तुकड्यांचा ढीग वाढत गेला की माणसाला वाटतं आपण बरंच केलंय, आणि ऑक्टोबरात कळतं की पूर्ण एकही नाही. याच कारणाने 'या महिन्यात २० मिनी रंगवीन' हा शब्द कच्चा, आणि 'एक रेजिमेंट, बेस आणि वार्निशसकट' हा पक्का.

रंग किती आणि कुठले

मिनीसाठी आठ बाटल्या: काळा, करडा, हस्तिदंती, हाडांच्या छटेचा पातळ कॉन्ट्रास्ट प्रकारचा रंग, गडद तपकिरी, गंजाचा नारिंगी, चांदी आणि गडद मोरपंखी. सोबत एक तपकिरी वॉश. हाडं पिवळसर, गंज नारिंगी. त्यांच्याविरुद्ध मोरपंखी कापड उठून दिसतं आणि तीन फुटांवरून तीनही रेजिमेंट एकाच सैन्यातल्या वाटतात. प्रत्येक रेजिमेंटला वेगळा रंग द्यायचा मोह त्याने टाळला, ते बरं केलं.

दुकानात सहज मिळणारे फेव्हिक्रिल किंवा कॅमलचे अॅक्रिलिक मिनीवर चालतात का, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. चालतात, पण या रंगांची पूड मिनिएचरच्या रंगांइतकी बारीक दळलेली नसते. नुसतं पाणी घालून पातळ केले तर फाटतात, जाड लावले तर दात आणि बोटांमधल्या खाचा बुजतात. त्यामुळे त्याने ते सगळे बेससाठी ठेवले, तिथे खरखरीतपणा हवाच असतो. महागडी ड्रॉपर बाटली दगड रंगवण्यात संपवणं म्हणजे पैसे गोदावरीत सोडणं.

ब्रश तीनच. चांगल्या टोकाचा १ नंबर, चांदीच्या रंगासाठी जुना २ नंबर (धातूच्या रंगातली चकाकी पाण्यात उतरते आणि दुसऱ्या रंगात मिसळते, म्हणून ब्रश आणि पाणी दोन्ही वेगळं) आणि ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवटे उजळण्यासाठी) कॉस्मेटिकच्या दुकानातला गोल, मऊ मेकअप ब्रश. तीन शून्यांचा ब्रश घेऊ नये. त्यात रंग मावत नाही, डोळ्यापर्यंत पोचायच्या आत टोकावर सुकतो.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओले ठेवणारं पॅलेट, घरचं: घट्ट झाकणाचा चपटा डबा, तळाला भिजवलेला स्वयंपाकघरातला टिश्यू, वर बेकिंगचा पार्चमेंट कागद. मेण लावलेला कागद पाणी वर येऊ देत नाही, तो चालत नाही. पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास यायला लागतो. टिश्यू बदलायचा, डबा गरम पाण्याने धुवायचा आणि पुढच्या वेळी उकळून गार केलेलं पाणी घालायचं.

स्प्रेने घातलेला पहिला घाव

स्प्रूवरून (मिनीचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) तुकडे निप्परने कापले, साच्याची रेघ चाकूच्या पाठीने खरवडली, प्लास्टिकला वेल्डसारखं जोडणारं पातळ टामियाचं सिमेंट वापरलं. ढाली मात्र मुद्दाम सुट्या ठेवल्या. त्या छातीवर चिकटवून टाकल्या तर मागच्या बरगड्यांपर्यंत ब्रश जात नाही. इथपर्यंत सगळं ठीक.

जुलैत, पाऊस नुकताच उघडलेला असताना, त्याने गॅलरीत १३ सांगाड्यांवर काळा प्रायमर स्प्रे केला. दोन तासांनी पृष्ठभाग राखाडी-पांढुरका आणि हाताला बारीक वाळूसारखा.

स्प्रेतला द्रावक उडून जाताना पृष्ठभाग गार होतो. हवा दमट असेल तर त्या गारव्यावर बाष्प बसतं, ओल्या थरात अडकतं आणि थर धुरकट, दाणेदार सुकतो. बऱ्याच डब्यांवर ८५ टक्के आर्द्रतेची मर्यादा छापलेली असते, पण त्या मर्यादेला चिकटून काम करू नये. साधा आर्द्रतामापक टेबलावर ठेवावा आणि काटा ६५ च्या वर असेल तर डबा हलवायचासुद्धा नाही. जुलै-ऑगस्टच्या नाशकात तो खाली येणं अवघडच. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा घोळ होतो: कोरड्या, तापलेल्या हवेत रंगाचे थेंब मिनीवर पोचायच्या आधीच सुकतात आणि पुन्हा दाणेच बसतात. आपल्याकडे स्प्रेचा खरा हंगाम दसरा उलटल्यापासून होळीपर्यंत, सकाळी दहानंतर.

दाणेदार प्रायमरवर पुढे रंग लावून भागेल असं वाटतं, पण या सैन्याची सगळी मदार ड्रायब्रशवर. ड्रायब्रश उंचवट्यांना रंग देतो, आणि इथे प्रत्येक कण हा उंचवटाच. कवटी गुळगुळीत दिसण्याऐवजी रवाळ दिसते. त्यामुळे प्रायमर काढणं भाग होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनेक तास बुडवून, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, जुन्या टूथब्रशने घासलं. ११ स्वच्छ निघाले, दोघांच्या खाचांत कण राहिले. ते मागच्या रांगेत गेले. पेंटचा थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चुकूनही वापरू नये, मिनीचं पॉलिस्टायरीन प्लास्टिकच वितळतं. रेझिनच्या मिनी अल्कोहोलमध्ये फार वेळ ठेवल्या तर ठिसूळ होतात.

या दुरुस्तीत आणि नव्या प्रायमरमध्ये पाच तास गेले.

नंतर त्याने ब्रशने लावायचा व्हॅयेहोचा पॉलियुरेथेन प्रायमर घेतला. घरात, पंखा मंद ठेवून, दोन पातळ हात. पहिला हात डागाळलेला आणि निकृष्ट दिसतो. घाबरून लगेच दुसरा फिरवायचा नाही, सुकताना तो स्वतःच ताणून बसतो. मग २४ तास हात लावायचा नाही. घाई केली तर नखाने पापुद्रा निघतो.

तेरा-तेराचा घाणा

३९ मिनी एकदम घेतल्या तर नुसता तपकिरी रंग भरण्यातच दोन आठवडे जातात आणि पूर्ण एकही दिसत नाही. एकेक घेतली तर दर वेळी बाटल्या उघडण्यात वेळ जातो. एका बेसपुरत्या १३ हा आकडा दोन्हींच्या मधला आणि सोयीचा. शेवटची मिनी रंगवेपर्यंत पहिली सुकलेली असते.

क्रम असा. काळ्या प्रायमरवर करडा आणि मग हस्तिदंती ड्रायब्रश, डोक्याकडून पायाकडे, ५ मिनिटं. ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा झाला पाहिजे. अंगठ्याच्या नखावर फिरवला तर रेघ उमटू नये, फक्त धूळ बसावी. वर हाडांच्या छटेचा कॉन्ट्रास्ट रंग, ६ मिनिटं. खाचांत तो आपोआप गडद होतो, उंचवट्यांवर फिकट राहतो. त्यामुळे वॉश आणि दोन हायलाइट, म्हणजे २६ मिनिटं, एका फटक्यात वाचली. पूर्ण सुकल्यावर कवटी, गुडघे आणि बरगड्यांवर हस्तिदंतीचा हलका ड्रायब्रश, ३ मिनिटं.

पावसाळ्यात इथे एक घोटाळा होतो. पातळ रंग सुकायला वेळ घेतो, तोवर खाली ओघळतो आणि पायाशी, ढोपरामागे डबकं करतो. सुकल्यावर त्याची कडा चहाच्या डागासारखी उमटते. रंग लावून झाल्यावर मिनिटाभराने परत पहिल्या मिनीकडे यायचं आणि धुऊन टिपलेल्या ब्रशच्या टोकाने डबकं शोषून घ्यायचं. या प्रकारचे काही रंग सुकल्यावरही पाण्याने पुन्हा सुटतात. आपला त्यातला आहे का, हे चाचणीच्या मिनीवर ओलं बोट फिरवून आधीच बघावं. असेल तर वर वॉश न देता आधी वार्निशचा एक हात.

हत्यारांना ६ मिनिटं. गंजलेली तलवार रंगवताना चांदीपासून सुरुवात करायची नाही. आधी पूर्ण पातं गडद तपकिरी. पॅकिंगमधला स्पंज फाडून त्याच्या खडबडीत कडेने नारिंगीचे ठिपके, मुठीजवळ दाट आणि टोकाकडे विरळ. शेवटी चांदी फक्त धारेवर, ब्रशचं टोक न वापरता त्याची बाजू धारेवरून ओढत, आणि पात्याच्या मध्यावर दोन ओरखडे. धार अखंड चमकवली तर गंज खोटा वाटतो. एक-दोन ठिकाणी चांदी तुटली पाहिजे.

चामडं-लाकूड ५, कापड ७, डागडुजी ६. कापडावर मोरपंखी, खाचांत तपकिरी वॉश, घड्यांच्या कडांवर मोरपंखीत थोडी हस्तिदंती मिसळून एक रेघ. पांढरा मिसळला की रंग खडूसारखा पडतो. डोळे रंगवलेच नाहीत. सांगाड्याच्या खोबणीत वॉशचा काळसर थेंब पुरतो, उगाच लाल ठिपका देऊन त्याला गाडीचा टेललाइट कशाला करायचं?

बेस: काळा दगड आणि वीरगळ

या सैन्यातलं सगळ्यात देखणं काम इथेच झालं, आणि दुसरा मोठा घोळही इथेच.

सात सांगाड्यांची रिकामी जागा भरायची होती. त्याने परदेशी पद्धतीची कबरस्तानं आणि क्रॉस न घेता गोदाघाटासारख्या काळ्या पायऱ्या आणि पडके वीरगळ घेतले. लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड, आणि त्यांच्याभोवती उठलेले सांगाडे; कल्पना बसली अगदी बरोबर. वीरगळ साधारण ३० मिमी उंच, १५ मिमी रुंद. दाट निळा फोम कापून त्यावर बोथट पेन्सिलने तीन आडवे कप्पे दाबले: खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. एवढ्या आकारात माणसं कोरता येत नाहीत, नुसते उभे-आडवे दाब दिले तरी डोळा ओळखतो. चंद्र-सूर्य मात्र स्पष्ट हवेत, नाहीतर तो नुसता मैलाचा दगड.

फोमवर थेट स्प्रे किंवा फेव्हीक्विक टाकलं की फोम विरघळतो, खड्डे पडतात. आधी फेव्हिकॉल आणि काळा अॅक्रिलिक समसमान मिसळून जाड हात द्यायचा, सुकू द्यायचा, मग पुढचं. तुटलेल्या कडा आणि पायऱ्यांचे सांधे एम-सीलने भरले. दोन्ही भाग सारखे मळायचे, बोट ओलं ठेवायचं.

जमिनीसाठी बांधकामावरची कच, म्हणजे क्रशरवरची दगडाची बारीक चुरी, एक वाटीभर. धुऊन, कढईत कोरडी भाजून (ओली चुरी डब्यात बुरसते), चहाच्या गाळणीने चाळायची. गाळणीवर राहिलेले खडे वेगळे, खाली पडलेलं बारीक वेगळं. आधी खडे चार-पाच ठिकाणी गटाने, मग उरलेल्या जागेत बारीक. सगळीकडे एकसारखं पसरलं की सँडपेपर वाटतो.

घोळ असा: ३ मिमी एमडीएफचे बेस लेझरवाल्याकडून कापून आणले आणि वरून पाणी घातलेला फेव्हिकॉल ओतून चुरी टाकली. ऑगस्टच्या हवेत दीड दिवस ओलं राहिलं आणि दोन बेस पापडासारखे वळले. एमडीएफ एका बाजूने पाणी पितं, तीच बाजू फुगते आणि मग सुकताना आकसते. चुकवायचं असेल तर चुरी टाकण्याआधी बेसच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना वार्निश किंवा ऑइलपेंटचा हात द्यायचा. वळलेल्या बेसच्या खालच्या बाजूला तोच पातळ फेव्हिकॉल फुलीच्या आकारात लावून, प्लास्टिकचा कागद घालून, वर जड पुस्तकं ठेवून दोन दिवस दाबलं. एक सरळ झाला; दुसरा टाकून नवीन करावा लागला. तीन तास गेले.

दगडाचा रंग: काळ्यात थंड करडा मिसळून पहिला हात, करड्याचा ड्रायब्रश, मग कडांवर फिकट करडा, त्यात हाडांच्या रंगाचा एक थेंब. तो थेंब मिनी आणि जमीन एकाच उजेडात आणतो. जुन्या काळ्या दगडावर दगडफुलाचे पांढुरके गोल डाग असतात. स्पंजच्या टोकाने प्रत्येक वीरगळावर तीन-चार. गवत हिरवं घेतलं नाही. सुतळी ५ मिमी कापून, मुळाशी फेव्हिकॉल लावून उभी केली. दिवाळीनंतरच्या माळासारखं पिवळं गवत मोरपंखी कापडाला उठाव देतं.

मिनी बेसवर बसवताना फेव्हीक्विक जपून. हे ओलाव्यानेच घट्ट होतं, म्हणून पावसाळ्यात झटपट धरतं, पण त्याची वाफ रंगवलेल्या भागावर पांढरी राख बनून बसते. टाचणीच्या टोकाएवढाच थेंब, पंखा चालू, आणि बसवलेला बेस लगेच डब्यात बंद करायचा नाही. बाटली मात्र सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यातच ठेवायची.

गणपतीचा महिना

हा गडी ढोलपथकात. तालीम करून आल्यावर बोटं थरथरतात, मनगट जड होतं. त्या हाताने कापडाची कड रंगवायला बसला तर केलेलं बिघडतं. त्याने त्या दिवसांची कामं वेगळी काढली: घोडे जोडणं, साच्याच्या रेघा खरवडणं, चुरी चाळणं, बाटल्यांवर रेसिपीच्या चिठ्ठ्या चिकटवणं. ही चिठ्ठी फार उपयोगाची. तीन आठवड्यांच्या खंडानंतर कापडाच्या मिश्रणात हस्तिदंतीचे थेंब किती होते हे कुणालाही आठवत नाही, आणि तिसरी रेजिमेंट पहिल्या दोघींपेक्षा वेगळी निघते. थेंबांत लिहायचं: मोरपंखी ४, हस्तिदंती १, मीडियम (रंग पातळ करणारा बिनरंगी द्रव) १.

घोडदळात सांगण्यासारखं एकच. घोडा आणि स्वार वेगळे रंगवायचे, बसण्याच्या जागेला मास्किंग टेप लावून. नाहीतर खोगीर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही आणि चिकटवायला उघडं प्लास्टिकही उरत नाही.

मांत्रिक रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतला. पृष्ठभाग हाताला चिकट लागला. म्हणजे धुणं किंवा यूव्ही क्युअरिंग (अतिनील उजेडात पक्कं करणं) अपुरं. नायट्राइलचे हातमोजे घालून पुन्हा अल्कोहोलने धुतला, पूर्ण सुकवला आणि मग उन्हात ठेवला. ओलाच उन्हात ठेवला असता तर तो चिकटपणा कायमचा बसला असता. काठी वाकली होती, ती गरम पाण्यात धरून सरळ केली आणि लगेच गार पाण्यात बुडवली. प्लास्टिकचं सिमेंट रेझिनला धरत नाही, तिथे फेव्हीक्विकच. ठरलेल्या सहा तासांत तो झाला, कारण चेहरा आणि हात सोडले तर सगळा झगा त्याच मोरपंखीचा होता.

वार्निश, पेटी आणि राहिलेला ड्रॅगन

मॅट वार्निशच्या स्प्रेलाही दमट हवा तशीच मारते; गडद कापड रातोरात धुरकट होतं. तसं झालंच तर ग्लॉस वार्निशचा पातळ हात दिला की धुरकटपणा बराचसा जातो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. त्याने जोखीम न घेता ब्रशचं मॅट वार्निश वापरलं. त्यातली मॅट करणारी पूड तळाशी बसते, बाटली दोन मिनिटं हलवली नाही तर चकाकी राहते. हाताळले जाणारे भाले आणि बेसच्या कडा यांना दोन हात.

मांडून झालेलं सैन्य स्कूटरवरून कॉलेज रोडला न्यायचं होतं. प्रत्येक मोठ्या बेसखाली ५ बाय २ मिमीचे चार निओडिमियम चुंबक, एमडीएफमध्ये खाच करून, बेसच्या पातळीत. फेव्हीक्विकवर एम-सीलचा लेप दिला, कारण नुसत्या गोंदावरचा चुंबक पहिल्याच झटक्याला पत्र्यावर राहतो. पेटी पत्र्याची. घोडदळाचा बेस जड पडला, त्याला सहा चुंबक लागले. भरलेली पेटी आडवी धरून हलवून बघितल्याशिवाय ते कळत नाही.

ड्रॅगनचे आठ तास गेले ते प्रायमर काढण्याच्या पाचात आणि वळलेल्या बेसच्या तिनात. हिशेबातले शिल्लक दोन बारीकसारीक डागडुजीत संपले. ड्रॅगन यादीत शेवटी होता हे मात्र बरंच झालं, कारण त्याच्यावाचूनही सैन्य खेळता येतं. तोच आधी घेतला असता तर एक रेजिमेंट राहिली असती. आता त्याला घाई नाही. पंखांच्या सांध्यात १ मिमीची तार घालून झाली आहे, पंख सुटेच ठेवलेत, म्हणजे बरगड्यांवर ड्रायब्रश नीट फिरेल. पाठीवर ब्रशच्या प्रायमरचे पट्टे राहिलेत, तेवढ्यावर काळ्या स्प्रेचा एक हात नोव्हेंबरातल्या कुठल्याही कोरड्या सकाळी, दहानंतर, काटा ६५ च्या खाली बघून.